बाकाला हवं पॉलिश

लाकडं सुतारांशी बोलत असत त्या काळी एकाच सागातून एक कपाट आणि एक बाक तयार झाला. घरातल्या कपाटाला लाखेच्या चपड्याचं चकचकीत पॉलिश मिळालं. अंगणातल्या बाकाला दर वैशाखात जवसाचं तेल लागे.

"आमचं एकदाच झालं," कपाट दारातून म्हणायचं. "तुला बुवा दरवर्षी मालिश. बाळंतीण आहेस का?"

बाकानं सखोबा सुताराला गळ घातली, "मलाही पॉलिशच करा."

"पावसात टिकायचं नाही रे."

"टिकेल."

सखोबानं केलं. आषाढात पॉलिश पांढरं पडलं, श्रावणात पोपडे निघाले, खाली पाणी मुरलं आणि बाकाचा एक पाय कुजू लागला.

आश्विनात ऊन पडल्यावर सखोबानं सगळं खरवडलं, कुजका भाग तासला आणि तेलाचा बोळा घेऊन पायाशी बसला.

"पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल तुम्हाला," बाक ओशाळून म्हणाला.

"येईन की."

तेल जिरायला दुपार गेली. कपाट आतून पाहत होतं.

"सखोबा, माझ्याकडे कधी येणार?" त्यानं विचारलं.

"तुला काय झालंय?"

कपाटानं स्वतःकडे नीट पाहिलं. त्याला काहीच झालं नव्हतं.