सगुणाच्या तळ्याची माती

पांढरओहोळच्या बरण्यांच्या कारखान्यामागे तळे आहे. त्याच्या तळाशी पांढरी माती आहे, तशी साऱ्या मुलखात मिळायची नाही. आणि कारखान्यात माती येते ती तीन कोसांवरून, ट्रॅक्टरने. येणारा प्रत्येक शहाणा यावर हसतो. हसू दे.

इथली पहिली भट्टी भागोजी कुंभाराने घातली, असे सांगतात. त्याला लोणच्याच्या बरण्या करायच्या होत्या. गावची तांबडी माती मडक्याला ठीक. बरणीच्या कडक आचेला ती गुळासारखी वितळून बसायची. तीन भट्ट्या वाया गेल्या. भावकी म्हणाली, "चुली घाल, भागोजी. तुला तेवढंच जमतंय."

मग ओढ्याकाठी खोलात ही पांढरी माती लागली. आचेला टिकली. थर पातळ, म्हणून भागोजीने तो आडवा पोखरला. भोक अरुंद. आत त्याची बायको सगुणा जायची, तो वरून दोर ओढायचा. चौथी भट्टी भरायला एका बरणीची माती कमी पडत होती.

सगुणा आतून म्हणाली, "अवं, भिंतीला घाम सुटलाय. पुरे आता."

"घाम मलाबी सुटलाय. एक पाटी दे नि ये वर."

"तुमचं एक कधी एक असतंय व्हय?" ती हसली म्हणे, आणि परत आत वळली.

पाटी वर आली. ती रिकामी करून भागोजीने तिच्यासाठी दोर सोडला, तोच ओढ्याचे पाणी फुटले आणि भिंत खाली बसली. गावाने चार दिवस उपसले. काढावे तेवढे वरून ढासळत गेले. शेवटी खड्डा पाण्याने भरला. सगुणा सापडली नाही.

त्या पाटीतल्या मातीची भागोजीने बरणी केली. भाजून निघाली ती निर्दोष. टिचकी मारली की घंटेसारखी वाजे. तेच त्याला सोसले नाही. बरणी त्याने तळ्यात सोडली आणि भावकीला म्हणाला, "इथं कुदळ मारायची न्हाई. माती उकरायला जाल, तर कुणाला उकराल?"

आजही तिथे कुदळ लागलेली नाही. आणि मातीची खाण कुठलीही असो, खाली उतरलेल्याने "पुरे" म्हटले की वरचा दुसरा शब्द काढत नाही. मालक असो, बाप असो, दोर ओढतो. आधी माणूस वर घेतो. पाटी खाली राहिली तर राहू देतो.