मावशींची पट्टी

पट्टी हा शब्द इथे गायकवादकांच्या अर्थाने घ्यावा. गाणारा ज्या स्वराला आपला षड्ज मानतो, तो स्वर पेटीवर किंवा पियानोवर जिथे सापडतो, त्या जागेचे नाव त्याच्या गाण्याला लागते: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. नाव वाद्याचे असते, स्वर गळ्याचा. पुढच्या गोष्टीला एवढे पुरे.

“पण मग नियम काय, मास्तर?”

नथानियल साळवे याने हे विचारले तेव्हा मार्च संपत आला होता. नगरकडच्या त्या जुन्या मिशनच्या चर्चवरचे पत्रे दुपारच्या उन्हाने कडकडत होते.

सुजलेली बोटे धोतराच्या सोग्यात धरून शलमोन मास्तर बाकावर बसून राहिले.

एक्केचाळीस वर्षे त्यांनी त्या चर्चचा पियानो वाजवला होता. आता सांधे धरले होते. मंडळीच्या पंचांनी मुदत घातली होती: ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत पियानोवर दुसरा कोणी बसला तर ठीक, नाहीतर पियानो काढून टाकायचा आणि विजेवरचा कीबोर्ड आणायचा. त्याला एक बटन असते. ते दाबले की पट्टी आपोआप बदलते. पंचांना ते बटन फार आवडले होते.

मास्तरांच्या त्या जागेवर बसावे, ही नथानियलची लहानपणापासूनची एकच इच्छा होती. त्यासाठी तो पुण्याला राहून पाच परीक्षा उत्तीर्ण झाला होता. दिवाळीत गावी आला तो एक जाड वही घेऊनच. बाराही पट्ट्यांचे कोष्टक तीत तीन रंगांच्या शाईने मांडलेले होते. कोणत्या पट्टीत काळ्या किती, पांढऱ्या किती, कुठल्या स्वराला कुठले बोट... सारे.

मास्तरांनी वही चाळली होती. अक्षर सुरेख आहे म्हणाले होते. पियानोचा एक पाय आखूड होता. ते खाली वाकले, वही त्याच्याखाली सरकवली, वरून दाबून पाहिले.

“बरोबर बसली,” म्हणाले.

नथानियलला ती थट्टा वाटली. थट्टा असती तर बरे झाले असते.

त्या चर्चची रीत अशी की, उपासनेचे पहिले भजन पियानो सुरू करत नाही. पहिल्या बाकावरच्या सगुणामावशी बसल्या जागेवरून सुरू करतात, मंडळी त्यांच्या मागून उचलते, आणि वाजवणाऱ्याने त्यांची पट्टी ओळखून मागाहून जाऊन मिळायचे. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे. काळी-पांढरी त्यांना ठाऊक नाही. खोकला असेल त्या दिवशी खाली, नातवंडे आलेली असतील त्या दिवशी जरा वर, असा त्यांचा षड्ज आठवड्यागणिक फिरत असतो.

आल्या आल्या पहिल्याच रविवारी नथानियलने ही रीत मोडली. मावशींनी तोंड उघडण्याआधीच त्याने पुस्तकात छापलेल्या पट्टीत, काळी पाचमध्ये, सुरुवातीची सुरावट वाजवली. वाजवली उत्तम. मावशी त्या उंचीवर चढल्या, दुसऱ्या ओळीत त्यांचा आवाज फाटला, आणि त्या गप्प झाल्या. उरलेले भजन मंडळीने कसेबसे ओढत नेले.

दारात त्याला गाठून त्या म्हणाल्या, “बाळा, तुझा देव फार उंचावर राहतो रे. आमचा इथं बाकापाशीच असतो.”

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला शिकवायला घेतले.

शिकवणे म्हणजे काय, तर एक भजन. पाच स्वरांत मावणारे, पोरासोरांनाही येणारे. मास्तर सांगत, डोळे मीट आणि बोट कुठेही टेकव. बोट जिथे पडेल तो षड्ज. तिथून ते भजन शोधून काढायचे. चुकले तर मास्तर तोंडाने दुरुस्त करत नसत. तीच ओळ गुणगुणत आणि थांबत. सापडेपर्यंत थांबत. पट्टीचे नाव घ्यायचे नाही, काळ्या मोजायच्या नाहीत.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. तेच भजन. कधी सारे पांढऱ्यांवर सरळ पडायचे, कधी प्रत्येक पायरीला बोट अडखळायचे. पाच परीक्षा दिलेला माणूस लहान मुलाप्रमाणे एका बोटाने चाचपडत होता, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला जांभया येत होत्या. नथानियल थकला. त्या भजनाचा त्याला वीट आला. खिडकीतून शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्यांचा रेडिओ ऐकू आला तरी त्याला त्यांचा हेवा वाटे.

म्हणून त्या मार्चच्या दुपारी त्याने नियम विचारला. वही पियानोच्या पायाखालून काढून घेतो, म्हणाला. आठ दिवसांवर झावळ्यांचा रविवार आलेला आहे, चुकलो तर बटनवाला कीबोर्ड येईल, मग तुमची एक्केचाळीस वर्षे आणि माझे चार महिने दोन्ही पाण्यात.

मास्तर उठले. पियानोचे झाकण लावून टाकले.

“वाजव,” म्हणाले.

“कशावर?”

“झाकणावर.”

नथानियल चिडला होता. त्या चिडीतच त्याने लाकडावर बोटे आपटत भजन वाजवले. लाकडातून सूर निघेना, तेव्हा नकळत तो तोंडाने गाऊ लागला. दोन ओळी झाल्यावर मास्तरांनी हात वर केला.

“पट्टी कोणती?”

नथानियल थबकला. “पाहिली नाही.”

“कुठे बोट अडखळलं?”

“...नाही अडखळलं.”

मास्तर परत बाकावर जाऊन बसले. वर पत्रे वाजत होते.

नथानियलला काहीतरी कळल्यासारखे झाले, आणि कळल्यासारखे झाले की त्याला लगेच पुढची शंका येई. तो म्हणाला, “आणि समजा, मावशी दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत लागल्या तर? धड ही नाही, धड ती नाही? माणसाचा गळा आहे, लागेलच की कधीतरी. पियानोत तर तो स्वरच नाही.”

“लागतात,” मास्तर म्हणाले. “पुष्कळदा.”

“मग तुम्ही काय करता?”

मास्तरांनी डोळे मिटले होते. झोप लागली असावी, असे नथानियलला वाटले.

“थांबतो...” ते म्हणाले.

झावळ्यांच्या रविवारी चर्च भरले होते. मुलांच्या हातांत शिंदीच्या झावळ्या, पंच डाव्या बाजूला ओळीने. मास्तर पियानोपाशी न बसता शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. नथानियलने स्टूल पुढे ओढले.

मावशींनी खाकरून भजन धरले.

तो फटीतच होता, त्यांचा षड्ज. नथानियलने कान दिला. एका पट्टीहून किंचित वर, शेजारच्या पट्टीहून किंचित खाली. दोहोंपैकी कुठल्याही पट्टीवर बोट ठेवले असते, तरी मावशी बेसूर ठरल्या असत्या. पियानो नव्हे, मावशी.

त्याने हात मांडीवर ठेवले.

पहिले कडवे पियानोवाचून गेले. पंचांपैकी एकाने मान वळवून पाहिले. दुसरे कडवे गेले. आता तिघांनी मान वळवली. एकाने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले, आणि ते बटनाबद्दलच असणार हे नथानियलला न ऐकताही समजले. कुठलीही एक पट्टी धरली असती तर सुटका झाली असती. पण दारात ऐकलेले मावशींचे ते वाक्य त्याला आठवत होते. जागा गेली, असे त्याने मनाशी म्हटले. म्हटल्यावर त्याला थोडे हलके वाटले, आणि त्या हलकेपणात तो नुसता गाऊ लागला, मंडळीतल्या कोणाही माणसासारखा.

उन्हाळ्यात दमलेली माणसे गाता गाता स्वराने खाली सरकतात. मंडळी सरकत होती, मावशीही सरकत होत्या, त्यांच्याबरोबर तोही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या कडव्याला षड्ज फटीतून खालच्या पट्टीवर उतरला आणि त्याची बोटे पियानोवर गेली. केव्हा गेली, हे त्याच्या लक्षात आले नाही. आवाज कुठून वाढला हे पाहायला एकदोन मुलांनी झावळ्या खाली केल्या. मावशींनी मान वळवली नाही. शेवटची ओळ त्यांनी एकदाच म्हणायची ती दोनदा म्हटली, आणि दुसऱ्यांदा नथानियल त्यांच्या पाठीमागे होता.

उपासना संपल्यावर पंच आपापसात बोलत बाहेर गेले. कीबोर्डाचे नाव पुन्हा निघाले नाही. नथानियल स्टुलावरच बसून होता. तो बोटे पुढे धरून आठवत होता: काळ्या किती लागल्या, पांढऱ्या किती. काही केल्या आठवेना. मास्तर भिंतीचा आधार घेत घेत त्याच्यापर्यंत आले.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, आणि सांगताना दोन चुका होतात. वही मास्तरांनी जाळली, असे म्हणतात. जाळली नाही, ती पियानोच्या पायाखाली आहे आणि पियानो हलत नाही. दुसरे असे सांगतात की, मास्तरांनी शिष्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आता तुला बाराही पट्ट्या आल्या, असे म्हटले. मास्तरांचे हात त्या दिवशी खांद्यापर्यंतही वर जात नव्हते, आणि असे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात कोणाला ऐकवले नाही.

झाले ते एवढेच. नथानियलने विचारले, “मास्तर, शेवटचं कडवं मी कुठल्या पट्टीत वाजवलं?”

मास्तर स्टुलाच्या कडेला टेकले. दमले होते. दाराकडे पाहत म्हणाले,

“मावशी अजून पायरीवर असतील... त्यांना विचार.”