शिवण नसलेले कापड

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी दाट धुके, साडेनऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

कागदीवाडीत ओढ्याच्या काठाला दोन दगडी हौद शेजारी शेजारी आहेत. एकात कागद होतो. दुसरा काठोकाठ मातीने भरलेला असून त्यात केळीचे दाट बेट उभे आहे. इतका चांगला, चुन्याने बांधलेला हौद कोणी मातीने का बुजवला असेल, असे पाहणाऱ्याला वाटतेच. शहरातून आलेल्या सहा पाहुण्यांपैकी एका बाईंनी तेच विचारले. वाडीतले सर्वांत वडील गृहस्थ, पंचाहत्तरी गाठलेले दस्तगीरचाचा कागदी, म्हणाले, "बुजवलेला नाही बाई. पुरलाय." मग त्यांनी पाहुण्यांना उन्हाच्या बाजूला बसवले आणि सांगितले ते असे.

फार पूर्वी वाडीत कागद्यांची अकरा घरे होती. दरबाराने दिलेल्या बावीस बिघे जमिनीवर ती जगत. जमिनीला अट एकच होती. दरबार मागेल तेव्हा, मागेल तसा कागद द्यायचा. त्या काळी इथला कागद जुन्या कापडाचा आणि अंबाडीच्या दोरांचा होई. कापड आणणारा व्यापारी ठरलेला होता. तो गावोगाव फिरून चिंध्या गोळा करी आणि बैलावर लादून वाडीत आणून टाकी. त्याचे नाव वाडीत कोणी घेत नाही.

एका वर्षी दरबाराने पाचशे कागद मागितले. तेही झिरझिरीत. चित्रांच्या पोथीत दोन पानांच्या मध्ये घालायचे होते. रंग रंगाला लागू नये आणि खालचे चित्र वरून दिसावे, इतके पातळ. अंबाडीचा कागद जाड आणि भुरा होतो, त्यामुळे पांढरे, मऊ कापडच हवे होते. त्याच वर्षी आसपासच्या गावांत मरी आली होती. पांढरे कापड मिळेल कुठून, या काळजीत वाडी असताना व्यापाऱ्याने सात गाठोडी आणून टाकली.

चिंध्या निवडायचे काम बायकांचे. पायाखाली विळी धरायची, शिवण उसवायची, बटणे तोडायची, मळके तुकडे वेगळे काढायचे. या गाठोड्यांत मात्र करण्यासारखे काही नव्हतेच म्हणे. सगळे कापड पांढरे, धुतलेले, घडी घातलेले. शिवण नाही, बटण नाही, काखेत घामाचा डाग नाही. कापराचा बारीक वास येत होता. एक म्हणाली, कसर लागू नये म्हणून व्यापाऱ्याने कापूर घातला असेल, मोठा काळजीचा माणूस. दुसरी म्हणाली, अल्लाने वाडीची लाज राखली.

दस्तगीरचाचा इथे थांबले. म्हणाले, "त्या बायकांनी आपापल्या घरची मयत स्वतःच्या हाताने गुंडाळलेली होती. तरी ओळखलं नाही. हातात माल होता ना, मालाकडे बघत होत्या."

पाहुण्यांपैकी एकाने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

त्या बायकांत सकिनाबी होती. वाडीचे मुख्य लाडलेसाहेब, त्यांची ती सून. माहेर दोन कोसांवरच्या पेठेत, बाप विणकर. तिची आई मरीत गेली होती आणि चाळिसावा होऊन आठच दिवस झाले होते. ती गप्प गप्प असे, म्हणून बाकीच्या तिला बोलते करायला बघत.

"विणकराची लेक तू," शेजारीण म्हणाली, "इतकं कापड बघून तरी हस की. का तुझ्या अब्बाच्या मागापेक्षा हलकं आहे?"

सकिना थोडी हसली आणि चेष्टेचे उत्तर द्यावे म्हणून तिने एक तुकडा उचलून काठ बोटांतून ओढला. विणकराच्या घरात कापड बोटांनीच पाहतात. एक वीत गेल्यावर बोटाला जाड धागा लागला. आणखी एक वीत, पुन्हा जाड धागा. तिने काठ शेवटपर्यंत ओढला. प्रत्येक वितीला एक धागा दुहेरी होता.

तसे कापड तिच्या बापाने जन्मात एकदाच विणले होते. बायको गेली त्या दिवशी मागावर जे होते तेच त्याने पुरे केले. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून मोजमापासाठी वितीवितीला दुहेरी धागा घातला. त्या कापडाचे पाच तुकडे सकिनानेच फाडले होते. आईला न्हाऊ घालून, कापूर लावून तिनेच त्यांत गुंडाळले होते.

ती किंचाळली नाही, असे सांगतात. तिने उरलेला ढीग पुन्हा पुन्हा चाचपला. तसा दुसरा तुकडा सापडला नाही. सहा गाठोडी आधीच कुटून हौदात गेली होती. हौदात लाडलेसाहेब कोपरापर्यंत हात बुडवून काड्यांच्या जाळीवर लगदा उचलत होते. मागच्या भिंतीवर एकशे चाळीस कागद वाळत होते, इतके पातळ की त्यांतून भिंतीच्या विटा मोजता याव्यात.

"अब्बा, हात बाहेर काढा," ती सासऱ्यांना म्हणाली.

"का गं?"

"माझी आई आहे त्यात."

त्यांना वाटले, दुःखाने पोरीचे डोके फिरले. तिने तुकडा पुढे केला. त्यांनी तो पाहिला, मग भिंतीवरचे कागद पाहिले. जाळी हातातून सुटून तळाला गेली. मागे बसलेल्या बायका एकेक करून ओढ्यावर गेल्या आणि राखेने हात घासत राहिल्या. कातडी सोलवटली तरी थांबेनात, तेव्हा त्यांना हाताला धरून परत आणावे लागले.

संध्याकाळी माणसे जमली. कागद पोचवायला नऊ दिवस उरले होते. लाडलेसाहेबांचा धाकटा भाऊ खालच्या आवाजात म्हणाला की झाले ते झाले, लगद्याला कुठे तोंड असते, जमीन गेली तर अकरा घरे काय खाणार? दोघातिघांनी मान हलवली. सकिना हौदाच्या काठावर बसली होती.

"उचला कागद," ती म्हणाली. "आधी मला आत घाला, कुटा, मग उचला."

लगदा हौदातच पुरायचे ठरले. मौलवींना विचारले, तर ते म्हणाले की कापडाला जनाज्याची नमाज नसते. म्हणून नुसता फातिहा पढला. भिंतीवरचे एकशे चाळीस कागद ओले करून पुन्हा हौदात सोडले, उरलेले गाठोडे त्यावर ठेवले आणि सर्वांत वर सकिनाने आपल्या हातातला तुकडा पसरला. अकरा घरांनी टोपल्यांनी माती वाहिली. व्यापाऱ्याने किती कबरी उकरून ती कफने आणली होती, हे कोणालाच कळले नाही.

कापडाला पुन्हा हात लावायचा नाही, अशी शपथ वाडीने तिथेच घेतली. पण मग कागद कशाचा करायचा? लाडलेसाहेबांच्या विड्याच्या पानांची जुडी केळीच्या सोपटाने बांधलेली असे. सकिनाने ते सोपट पाण्यात भिजवले आणि नखाने चिरत गेली. एका पट्टीचे तिने इतके बारीक धागे काढले की ते फुंकरीने हलू लागले. दुसऱ्या दिवशी घड उतरलेल्या केळीचे खांब आसपासच्या मळ्यांतून गाड्या भरून आणले. सोपटे खरवडली, राख आणि चुना घालून दोन दिवस शिजवली, दोन दिवस कुटली. पहिले कागद जाळीवरून सुटताना फाटले. सकिनाने लगद्यात पाणी वाढवायला लावले आणि पाचव्या दिवशी एक कागद अखंड निघाला. तिने तो तळहातावर ठेवला, तर हाताच्या रेषा दिसत होत्या. मग अकरा घरे आळीपाळीने उरलेले दिवस शेजारच्या हौदाशी उभी राहिली.

आजही वाडीच्या हौदात कापडाची चिंधी पडत नाही. केळी, अंबाडी, घायपात, जे जमिनीतून उगवते तेवढेच. आजही नवी सून आली की तिला आधी मातीच्या हौदापाशी आणतात आणि तिच्या हातून एक टोपली माती टाकून घेतात.

नवव्या दिवशी पाचशेपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी कागद भरले. दरबाराने ते ठेवून घेतले आणि ओढ्यापलीकडची अकरा बिघे जमीन काढून घेतली. अलीकडची अकरा बिघे आजही वाडीकडे आहेत.