राणोजीने पाडलेल्या खिडक्या

फार पूर्वी एका संगणकाच्या गाभ्यात गरगऱ्या नावाचा पंखा राहायचा. त्याची भाषा फक्त गाभ्यातच राहून त्याला चालवणाऱ्या राणोजी ड्रायव्हरला कळायची. बाहेर अंगणात काम करणाऱ्या प्रोग्रामांना गाभ्यात पाऊल टाकायची बंदी होती.

एकदा त्यांच्यातली चित्रा अंगणात भलंमोठं चित्र रंगवत असताना भिंती तापल्या आणि तिचे रंग अडखळू लागले.

“राणोजीकाका, आत किती तापलंय? पंखा जोरात फिरवा ना!” ती दार बडवत ओरडली.

“आतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात.”

“मग आपण सगळेच बंद पडू!”

राणोजी चपापला. त्याने घाईघाईने भिंतीत दोन खिडक्या पाडल्या. एकीत तापमान नुसतं वाचता येई, दुसरीत पंख्याचा वेग बदलताही येई. चित्राने डोकावून पाहिलं. नव्वद अंश! तिने घाबरून वेगाच्या खिडकीत भलताच मोठा आकडा लिहिला.

“एवढं त्याला झेपणार नाही, पोरी. पाती तुटतील. निम्मा लिही.”

तिने निम्मा लिहिला. राणोजीने तो गरगऱ्याला त्याच्या भाषेत सांगितला, आणि गरगऱ्या घोंगावत सुटला.

“ऐंशी! सत्तर! साठ!” चित्रा नाचू लागली. सारं अंगण खिडकीशी लोटलं.

ती गर्दी पाहून राणोजीला राहवेना. “बॅटरी किती उरलीय,” त्याने हळूच विचारलं, “तेही बघायचंय का?”