शेठने चाखलेलं पाणी

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात लोणच्याचा एक कारखाना होता. मालक रतनशी शेठ भारी संशयी. घरी निघालेल्या कामगारांच्या तोंडाला लोणच्याचा वास येतो का, हेही तो दारात उभा राहून बघायचा.

कैऱ्या मिठात मुरल्या की उरलेलं खारं, सडकं पाणी खाडीत जाई. त्याने मासे मरू लागले. कोळ्यांनी बजावलं, नव्या कैऱ्या येईपर्यंत पाणी सुधारलं नाही तर कारखान्याला टाळं.

शेठने मिठागरात जन्म काढलेल्या चांगुणाबाईला बोलावलं. तिने मिठागराच्या तळाचा काळा चिखल आणून टाकीत कालवला. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात, असं तिने सांगितलं. कारखान्याचं पाणी रोज एकच हंडा घालायचं, ढवळून वारा द्यायचा, जीव रुळले की हंडे वाढवायचे. मीठ जाणार नाही, सड जाईल, आणि खाडीला मिठाचं वावडं नाही, हेही तिने बजावलं.

शेठच्या मनात पाल चुकचुकली. न दिसणारे जीव? मग आहेत कशावरून? महिना उलटला तरी बाई चार हंड्यांच्या पुढे जाईना. त्याने मुनिमाला पाळतीवर ठेवलं. मुनीम म्हणाला, बाई पाणी हुंगत बसते आणि कधीकधी टाकीशी बोलते. हे काही शेठला बरं वाटलं नाही. तो स्वतः गेला आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी त्याने बोटाने चाखलं. खारट! त्याचा दुर्गंध गेला होता, पण तिकडे शेठचं लक्षच नव्हतं.

चांगुणाबाई भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेली. शेठने लगेच पिंपांत साठवून ठेवलेलं सगळं पाणी एकदम टाकीत सोडलं. जीव खरे असतील तर खातील, नसतील तर बाईचं सोंग उघडं पडेल. दोन्हीकडून आपलीच सरशी, असा त्याचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी टाकी नासली. सडकं पाणी उतू जाऊन खाडीत गेलं आणि पुन्हा मासे मेले. कैऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या असतानाच कोळ्यांनी कारखान्याला टाळं ठोकलं.

चांगुणाबाई परतली तेव्हा शेठ तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

"बाई, तुझे जीव खोटे निघाले," तो म्हणाला.

तिने चिखल मुठीत घेऊन हुंगला. तिचे डोळे भरून आले.

"खोटे असते तर मेले नसते, शेठ. तुमचीच घाण खाऊन जगत होते. तुम्हीच त्यांना त्या घाणीत एकदम बुडवलंत."

कैऱ्यांच्या गाड्या एकेक करून माघारी वळल्या.

तात्पर्य: जे हळूहळू रुळतं, त्याची परीक्षा एका दिवसात घेऊ नये. संशयी माणूस पारखायला जातो आणि मारून येतो.