सरांचा नवा पासवर्ड

"पण बाबा, तो आत शिरलाच कुठून?"

हेरंब सबनीस विचारून विचारून थकला होता. इनायतबाबा चुलीत काटक्या सारत होते.

गावाबाहेर चिंचेखाली या फकिराचा तकिया, म्हणजे एक झोपडी. तीन बाजूंना कूड, चौथी बाजू मोकळी. दार म्हणून काही नाहीच. तिथली रीत एवढीच, की येणाऱ्यानं आधी माठातलं पाणी प्यायचं, मग बोलायचं. नाव, हुद्दा कुणी विचारायचा नाही, कुणी सांगायचाही नाही. सगळे 'बेटा'.

हेरंबला ती रीत पहिल्यापासून टोचायची. तालुक्यात कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की लोक त्याच्याकडे धावत. 'व्हायरसपासून सावध राहा' म्हणून तो कॉलेजांतून व्याख्यानं देई. अन् इथं आला की नुसता बेटा! तरी यायचा. का यायचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आज मात्र पाण्याचंही भान नव्हतं. मांडीवर घरचा लॅपटॉप, पडद्यावर लाल अक्षरं: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं आहे. हेरंबचा चेहरा भूत पाहिल्यासारखा पांढरा पडला होता.

"अँटिव्हायरस होता, बाबा. फायरवॉल होती. वायफायचा पासवर्ड सख्ख्या मेव्हण्याला दिला नाही मी! रुसून जेवणाच्या ताटावरून उठला, तरी दिला नाही."

"गेलं काय?"

हेरंबनं लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सुनेत्राचा आवाज."

सुनेत्रा त्याची बायको. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलते. ऑपरेशनच्या आधी तिनं नातीसाठी गोष्टी बोलून ठेवल्या होत्या, अंगाई, तिळगुळाची कृती, मधूनच नवऱ्याला झापलेलंही. पाळण्यातली नात त्या आवाजावरच झोपायची. काल रात्री ती झोपली नाही, आणि सुनेत्राला तिच्यासाठी गाता आलं नाही.

"दुसरीकडे ठेवला नव्हतास?"

"ती म्हणाली होती, एक प्रत बहिणीकडे ठेवू या. मीच नाही म्हटलं. जितक्या प्रती तितकी भोकं, बाबा. नियमच आहे तो!"

कुणाचा नियम, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बाबा राखेचे हात झटकून समोर येऊन बसले.

"सर."

हेरंब दचकला. इतक्या वर्षांत बाबांच्या तोंडून हा शब्द कधी आला नव्हता.

"मला अडाण्याला काय कळतंय, सर. पण तुमच्याएवढा जाणता माणूस या तालुक्यात दुसरा नाही. आता तरी सगळं पक्कं बंद केलं असेल तुम्ही?"

एवढ्या दुःखातही हेरंबची पाठ ताठ झाली. काय म्हणावं माणसाला!

"केलं तर! सकाळीच. बँकेचा, मेलचा, सगळीकडचा पासवर्ड नवा."

"देवाचं नाव घातलं असेल."

"छे! ते शेंबडं पोरही ओळखेल."

"मग बायकोचं..."

"तिथंच तर लोक फसतात! मी बायकोचं माहेरचं आडनाव घेतलं. कर्णिक. तेही उलटं. पुढं लग्नाचं साल, आणि शेवटी..."

"वा, सर!"

"शेवटी फुली. आहे कुणाची बिशाद?"

चुलीत काटकी तडकली.

"शेवटी फुली," बाबा हळूच म्हणाले.

हेरंबचं तोंड उघडंच राहिलं. सकाळी लावलेलं कुलूप त्यानं दुपारच्या आत स्वतःच्या तोंडानं उघडून दिलं होतं, आणि तेही कुणी न विचारता!

"बाबा... तो पोरगाही मला..."

"काय?"

"सर म्हणाला होता."

मग ते सगळं भडाभडा बाहेर आलं. कुणा पोराचा फोन आला होता. मासिकाकडून बोलतोय म्हणाला. सर, जाणकार माणूस स्वतःचं घर कसं राखतो, त्यावर लेख करतोय. तुमचा फोटो अगदी वर लावलाय. पाठवतो, बघून घ्या.

"फाईल उघडेना, बाबा. अँटिव्हायरस आडवा आला. सारखा बजावत होता, उघडू नका, उघडू नका..."

"मग?"

"मी त्यालाच बंद केलं." हेरंबनं कपाळावर हात मारून घेतला. "फोटो बघायचा होता हो मला! माझा फोटो!"

आणि तो एवढा मोठा बाप्या लॅपटॉपवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. शरम वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. घरी जाऊन सुनेत्राला काय सांगायचं?

बाबा उठले. कोनाड्यातली लोबानाची डबी घेऊन आले. झाकण काढलं. आत हिरव्या चिंधीची पुरचुंडी होती. ती त्यांनी हेरंबच्या तळहातावर सोडली.

चिंधीत पेन ड्राइव्ह होता.

"तुझ्या बायकोनं आणून दिला. ऑपरेशनच्या आधी. म्हणाली, माझा आवाज आहे यात, जपून ठेवा. ह्यांना सांगू नका, चिडतील."

हेरंबनं तो उलटसुलट करून पाहिला. सुनेत्रा? आपल्याला न सांगता? आणि आवाज आहे... आहे!

"एकदा ऐकू द्या, बाबा! एकदाच!"

त्यानं लॅपटॉप ओढला. पेन ड्राइव्ह खाचेत शिरणार, एवढ्यात बाबांचा राखाडी पंजा खाचेवर पडला.

"घरात साप आहे, आणि पाळणा आत नेतोस?"

हेरंबचा हात होता तिथंच गारठला.

व्हायरस शिरलेल्या मशीनला काहीही जोडायचं नाही. व्याख्यानात हे त्याचं पहिलं वाक्य असे! टाळ्या त्याच वाक्याला पडत. आणि आत्ता, स्वतःच्या हातानं... पापणी लवायच्या आत सुनेत्राचा आवाज पुन्हा गेला असता, आणि या खेपेला कायमचा. जिभेला कोरड पडली.

त्यानं लॅपटॉप मिटला. पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून माठाकडे गेला आणि गटागटा पाणी प्याला. आल्यापासून पहिल्यांदाच.

मागं वळला, तर कुणाची तरी शेळी खुशाल आत आली होती आणि बाबांच्या गोधडीचा कोपरा चघळत होती.

"बाबा, इथं कुणीही येतं," तो म्हणाला. "वाटसरू येतात, कुत्री येतात, ही शेळी आली. डबीला कडी नाही, झोपडीला दार नाही. वर्षभर हे असं उघड्यावर... कुणी नेलं असतं तर?"

बाबांनी शेळीच्या तोंडातून गोधडी सोडवली. तिच्या पाठीवर थाप मारून तिला बाहेरची वाट दाखवली.

"दार नाही, बेटा... पण दार उघडणाराही कुणी नाही."