तिसरा रूळ

डोंगरात शेळ्यांचं आणि मैदानात म्हशींचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या वळणांसाठी शेळ्यांनी अरुंद रूळ टाकले होते, म्हशींच्या दोन रुळांत मात्र ऐसपैस अंतर होतं. त्यामुळे सरहद्दीवर सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे.

एका वर्षी डोंगरातले झरे आटले. म्हशींनी टाक्या भरून नदीचं पाणी पाठवलं, पण सरहद्दीवर बादल्यांनी ओतता ओतता निम्मं मातीत जिरायचं. शेळ्यांची गाडी हाकणारी ढवळी रोज अर्ध्याच टाक्या घेऊन परते. वर करडं कोरड्या जिभेनं वाट बघत असत.

"तुमचे रूळ रुंद करा," सरहद्दीवर आलेली म्हशींची राणी ढवळीला म्हणाली.

"कडा ढासळेल, राणीसाहेब."

"मग आम्ही अरुंद करू? आमच्या गाड्या उलटतील!"

ढवळी रुळांकडे बघत राहिली. मग भीतभीत म्हणाली, "तुमचा एकही रूळ हलवू नका. तुमच्या दोन रुळांच्या मधे आमच्या गाडीच्या मापानं तिसरा रूळ टाकू द्या. तुमच्या गाड्या जातात तशा जातील आणि माझी गाडी थेट नदीपर्यंत येईल."

राणीनं बराच वेळ रवंथ केला. "टाका," ती म्हणाली.

महिनाभर शेळ्या आणि म्हशी एकत्र राबल्या. मग ढवळी काठोकाठ भरलेल्या टाक्या घेऊन डोंगर चढली. करडं पोटभर प्यायली आणि उरलेलं पाणी एकमेकांच्या अंगावर उडवू लागली.

"अगं, सांडतायत बघ!" शेजारीण ओरडली.

"सांडू देत आज," ढवळी म्हणाली आणि तिथंच पाय पसरून निजली.